गी घालून की गीशिवाय? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडको, पंचवटी, नाशिकरोड, सिन्नर, कधी चांदवड-निफाडकडूनही आम्हाला मेसेज येतात. क्लास सुटल्यावर दाराशी थांबलेले पालकही विचारतात. त्यातले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीचे असतात: जिउ-जित्सू (कुस्तीसारखा, जमिनीवरच्या पकडींचा आणि डावांचा खेळ) कोट घालून शिकायचं की कोटाशिवाय? आम्ही दोन्ही शिकवतो. वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे मत आमचं आहे तिथे तसं म्हटलं आहे. दुसरा प्रशिक्षक वेगळं सांगू शकतो. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे तीच गोष्ट दोनदा लिहावी लागणार नाही.

१. गी म्हणजे नेमकं काय? आणि नो-गी?

गी म्हणजे जाड सुती कोट, पँट आणि कमरेचा पट्टा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान सुरू केलं आणि ज्युदो या पोशाखात वाढला. कोडोकानमध्ये तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली आणि पुढे ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणून जगभर पसरली. नो-गीमध्ये अंगाला घट्ट बसणारा रॅशगार्ड आणि शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज घालतात.

खरा फरक पकडीच्या नियमाचा आहे. गीमध्ये समोरच्याची कॉलर, बाही, पँटचा पाय, पट्टा असं सगळं धरता येतं. नो-गीमध्ये कपडा धरायचाच नाही. मनगट, मान, काख, पाय जे सापडेल ते शरीर धरायचं. त्या अर्थाने आपली कुस्ती पहिल्यापासून नो-गीच आहे.

२. मी अगदी नवीन आहे. कधी काही खेळलेलो नाही. आधी काय सुरू करू?

तुमच्या वेळेत जी बॅच बसते ती. सातपूर-अंबडला शिफ्ट करणारे बरेच जण योग्य बॅचची वाट पाहण्यात वर्ष घालवतात. तसं करू नका.

दोन्ही बॅच जमत असतील तर पहिले सहा महिने गी, असं आमचं ठाम मत आहे. जाड कापडाच्या घर्षणामुळे सगळं सावकाश घडतं. समोरचा तुमच्या छातीवर बसला आहे आणि तुम्ही त्याची बाही घट्ट धरली आहे, तर तो हात त्याला सहज काढून घेता येत नाही. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही आठवू शकता की कोपर कुठे ठेवायचं, कंबर कुठे सरकवायची. नो-गीमध्ये ती सवड मिळत नाही. शिवाय तिथे ताकदीचा आणि चपळ माणूस नुसता घसरून सुटतो. आपली पकड चुकली की तो निसटला, हे नवशिक्याला कळतच नाही.

दुसरं कारण सुटकेचं. गीमध्ये अडकलात की झटका देऊन सुटता येत नाही, रीतसर पायरी पायरीनेच बाहेर यावं लागतं. ती सवय पुढे नो-गीतही उपयोगी पडते.

याला अपवाद आहेत. बोटांच्या सांध्यांचा जुना त्रास असेल तर प्रश्न ११ पाहा. खर्चाची अडचण असेल तर प्रश्न ८.

३. दादा, मी लहानपणापासून तालमीत आहे. मला कोट घालून काय शिकायचंय? मी सरळ नो-गीलाच येतो ना?

हा प्रश्न भगूर, सिन्नर, इगतपुरीकडच्या मुलांकडून हमखास येतो. आमचं उत्तर त्यांना पटत नाही, तरी देतो: तुम्ही तर गीपासूनच सुरुवात करा.

नो-गीमध्ये तुमचा एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, टांग सगळं पहिल्या दिवसापासून चालेल. तुम्ही वर्षभर जिउ-जित्सू शिकलेल्यांना आपटाल आणि तुम्हाला वाटेल, शिकण्यासारखं काही उरलं नाही. कोट चढवला की चित्र बदलतं. तुम्ही पटात शिरायला वाकता आणि समोरच्याने एका हाताने कॉलर, दुसऱ्याने बाही धरून तुम्हाला तिथेच रोखलेलं असतं. तुमच्या अंगावर आता त्याला धरायला जागा आहेत, हे पहिल्यांदा लक्षात येतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाठीची. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की चितपट, खेळ संपला. म्हणून पैलवान पडता पडताच पोटावर वळतो. वर्षानुवर्षं घोटलेली ती प्रतिक्रिया आहे. जिउ-जित्सूत पाठीवर असणं म्हणजे हरणं नाही. उलट पोटावर वळून पाठ समोरच्याच्या हवाली करणं ही सगळ्यांत वाईट जागा. चांगला पैलवान आमच्याकडे पहिल्या आठवड्यात हरतो तो बहुतेक वेळा असाच: सुंदर डाव टाकतो, खाली येतो, समोरचा पाय अडकवतो, हा चीत होऊ नये म्हणून वळतो आणि मागून कॉलर गळ्याभोवती फिरते. गीमध्ये ही चूक लगेच महाग पडते. ती मोडायची असेल तर गीच उपयोगी.

आखाडा बदलला की कसलेल्या माणसालाही नव्याने शिकावं लागतं, याचं आपल्या मातीतलं उदाहरण खाशाबा जाधवांचं आहे. मातीत घडलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनी लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. तालीम सोडू नका. सकाळी जोर-बैठका आणि कुस्ती, आठवड्यात दोन संध्याकाळी गी, असं करणारी मुलं आमच्याकडे सगळ्यांत लवकर पुढे गेली आहेत.

४. नो-गीमध्ये पाच मिनिटांत अंग घामाने निथळतं आणि हात सुटतात. मग धरायचं तरी काय?

बोटांनी धरायचं सोडा. गीमध्ये कापड मुठीत येतं, म्हणून बोटं काम करतात. ओल्या अंगावर बोटांची पकड टिकत नाही. तिथे हाताचा आकडा करायचा: अंगठा वेगळा न काढता पाचही बोटं एकत्र वळवायची आणि मान, कोपराचा वरचा भाग किंवा टाच त्या आकड्यात अडकवायची. मनगट धरायचं तर हाडाच्या उंचवट्याच्या वर, म्हणजे हात ओढताना तिथे अडकतो. आणि मुख्य पकड हातांची नव्हेच. काखेतून घातलेला हात, छातीला चिकटलेली छाती, आवळलेल्या मांड्या यांनी माणूस धरला जातो.

आपल्या पूर्वजांनी यावर उत्तम साधन करून ठेवलं आहे. मल्लखांब हा मुळात पैलवानांच्या सरावाचा. बाळंभटदादा देवधरांना त्याची स्फूर्ती वणीच्या सप्तशृंगी गडावर मिळाली, असं परंपरेने सांगतात. म्हणजे ही कथा आपल्याच जिल्ह्यातली. खांबाला एरंडेल लावतात, त्यामुळे बोटांनी धरून कोणी त्यावर टिकत नाही. कवेत घ्यावा लागतो, मांड्यांनी आवळावा लागतो. ज्यांनी लहानपणी मल्लखांब केला आहे त्यांची नो-गीतली पकड पहिल्या दिवशीच वेगळी जाणवते.

मातीतल्या कुस्तीत घामाचा प्रश्न पैलवान मातीनेच सोडवतात. समोरच्याच्या अंगावर माती टाकतात, स्वतःच्या हातालाही चोळतात. मॅटवर ती सोय नाही. मध्ये थांबून टॉवेलने अंग पुसा, ओला टी-शर्ट बदला, एवढंच.

५. गीमध्ये कॉलरने गळा आवळतात म्हणे. हे धोक्याचं नाही का?

आई-वडिलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे.

दोन्ही प्रकारांत गळ्याचे डाव आहेत, फक्त साधन वेगळं. गीमध्ये समोरच्याची कॉलर दोरीसारखी वापरतात. नो-गीमध्ये स्वतःचा हात वापरतात: मागून गळ्याभोवती घातलेला हात, समोरून घातलेला गिलोटिन, त्याचाच खांदा त्याच्या मानेला लावून केलेला डार्स. नीट लावलेला डाव श्वासनलिकेवर येत नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर येतो. काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून टॅप (हार मानल्याची खूण) करायला शिकणं हा पहिला धडा. हाताने दोनदा थोपटायचं. हात अडकले असतील तर पायाने थोपटायचं किंवा तोंडाने 'टॅप' म्हणायचं. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं.

कॉलरचा डाव कळायला उशीर लागतो. कापड हळूहळू आवळतं, फार दुखत नाही, आणि नवशिक्याला वाटतं अजून वेळ आहे. म्हणून गीच्या बॅचमध्ये लवकर टॅप करा, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. लहान मुलांना आम्ही गळ्याचे डाव शिकवत नाही, गी असो वा नसो. रक्तदाब किंवा फिट्स यांचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगा.

६. मुलाचा कराटेचा ड्रेस घरात पडलाय. तो चालेल का?

दोन-तीन दिवस क्लास कसा वाटतो ते पाहायला चालेल. पुढे नाही. कराटेचा ड्रेस हवेत हात-पाय मारताना हलका वाटावा म्हणून पातळ शिवलेला असतो. कुणी कॉलर धरून पूर्ण वजन टाकलं की काखेत उसवतो किंवा पाठीवर उभा फाटतो. फाटलेल्या कापडात बोट अडकलं तर बोटाला इजा होते, ही खरी भीती.

७. मग गी कोणती घ्यायची? ज्युदोची घेतली तर?

सुरुवातीला ज्युदोची गी घ्यायला काहीच हरकत नाही. बऱ्याचदा ती स्वस्त पडते आणि कापड मजबूत असतं. फरक शिलाईचा आहे. ज्युदोचा कोट लांब आणि बाह्या रुंद असतात, त्यामुळे समोरच्याला धरायला जास्त कापड मिळतं. जिउ-जित्सूची गी अंगाबरोबर असते. उलट मात्र चालत नाही: जिउ-जित्सूची अरुंद बाह्यांची गी ज्युदोच्या स्पर्धेत मापात बसत नाही.

कापडाचं वजन जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहिलेलं असतं. नाशिकच्या हवेला ३५० ते ४५० च्या आसपासची गी पुरे. ५५० ची जाड गी टिकते खूप, पण मेमध्ये अंगावर आणि जुलैत दोरीवर त्रास देते. मापाचा अंदाज उंची-वजनाच्या तक्त्यावरून घ्या आणि सुती कापड आटतं हे धरून चाला. 'आधीच आटवलेली' असं लिहिलेली गीसुद्धा गरम पाण्यात आखूड होते. पँट लांब झाली तर जवळच्या टेलरकडून दुमडून घ्या. कोटाच्या बाह्या मात्र स्पर्धेचा विचार असेल तर कापू नका (प्रश्न १३).

रंग पांढरा घ्या. कुठल्याही क्लासमध्ये आणि बहुतेक स्पर्धांत तो चालतो.

८. नो-गीला काय घालू? साधा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट चालेल?

पहिला महिना घट्ट टी-शर्ट चालेल. पँटला किंवा शॉर्ट्सला खिसा, चेन, धातूची बटणं, लोंबणारी नाडी यांतलं काहीही नको. खिशात पायाचं किंवा हाताचं बोट अडकतं आणि मोडतं. सैल टी-शर्ट डोक्यावर येतो. सगळ्यात कमी खर्चात सुरुवात करायची तर नो-गीच, हे खरं आहे.

पुढे एक पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड घ्या. मॅटवर कोपर-खांदे सोलवटत नाहीत आणि त्वचेचा त्वचेशी संपर्क कमी होतो. त्याचा फायदा प्रश्न १० मध्ये कळेल.

९. पावसाळ्यात गी वाळतच नाही, वास येतो. काय करायचं?

जूनच्या मध्यापासून गणपती होईपर्यंत आमच्याकडे सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की समजावं, दोरीवरची गी दोन दिवस ओलीच राहणार.

घरी पोचल्यावर जेवायच्या आधी गी पिशवीतून बाहेर काढा. गाडीच्या डिक्कीत रात्रभर राहिलेल्या गीचा वास नंतर कशानेही पूर्ण जात नाही. त्याच रात्री थंड पाण्यात धुवा. वास बसलाच असेल तर धुण्याआधी अर्धा तास पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून भिजवा. ब्लीच नको, त्याने धागा कमकुवत होतो. मशीनमध्ये दोनदा स्पिन करा. मग जाड हँगरवर, कॉलर उभी करून, घरात पंख्याखाली लावा. कॉलर सगळ्यात शेवटी वाळते. आत अनेक पदरी कापड किंवा रबर असतं, बाहेरून कोरडी लागते आणि आतून ओली असते. दोन बोटांत दाबून पाहा. गार लागली तर अजून वेळ आहे. पँटचा गुडघ्याचा दुहेरी भागही असाच.

ओली गी घालून येऊ नका. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गी करत असाल तर पावसाळ्यापुरती दुसरी गी लागतेच. ते जमत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस गी आणि बाकीचे नो-गी असं करा. आम्ही स्वतः तेच करतो. रॅशगार्ड पंख्याखाली एका रात्रीत वाळतो.

पट्टाही धुवायचा असतो. पट्टा धुतला की 'विद्या जाते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

१०. गजकर्ण, नायटा होतो असं ऐकलंय. गीमध्ये जास्त की नो-गीमध्ये?

दोन्हीकडे होऊ शकतो. नो-गीमध्ये त्वचा त्वचेला घासते, गीमध्ये ओलं कापड अंगाला घासत राहतं. खरा फरक स्वच्छतेने पडतो: क्लासनंतर लगेच आंघोळ, धुतलेले कपडे, आणि मॅटच्या बाहेर चपला घालणं. टॉयलेटला अनवाणी जाऊन परत मॅटवर येणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे.

गोल, कडा लाल आणि खाज येणारा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून कुणी सुचवलेली मिश्र ट्यूब लावू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं. खाज चार दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. मग साधा तीन-चार आठवड्यांचा उपचार महिनोन् महिने लांबतो. हे आम्ही मॅटवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. चट्टा असताना क्लासला येऊ नका, झाकूनही नाही. त्या दिवसांची फी पुढे धरतो, तेव्हा लपवायचं कारण नाही. पू असलेले फोड किंवा ओठाजवळ पाण्याचे फोड असतील तर तोच नियम.

११. कशात इजा जास्त होते?

जागा बदलतात. गीमध्ये बोटं. वर्षानुवर्षं कॉलर आणि बाही मुठीत आवळून मधले सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. यावर उपाय म्हणजे हट्ट सोडणं: समोरचा पकड तोडतोय आणि ती जाणारच आहे असं वाटलं की स्वतःहून सोडा, पुन्हा धरा. शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळलेलं बोटच दुखावतं. चिकटपट्टीने आधार मिळतो, इलाज होत नाही. आधीपासून संधिवात असेल किंवा कामच बोटांचं असेल (आमच्याकडे एक तबला वाजवणारे आहेत), तर नो-गीच करा.

नो-गीमध्ये गुडघे. तिथे पायांचे डाव जास्त चालतात आणि त्यांतला हील हूक सगळ्यात घातक. टाच धरून पाय पिळतात, जोर गुडघ्याच्या अस्थिबंधावर जातो. हाताच्या डावात दुखायला लागतं तेव्हा टॅप करायला वेळ असतो. हील हूकमध्ये दुखायला लागेपर्यंत इजा झालेली असू शकते. म्हणून आमच्याकडे नवशिक्यांना तो बंद आहे; ज्यांना शिकवतो त्यांनाही आधी सुटका शिकवतो, डाव नंतर. कुणी अडकवलाच तर झटका देऊन उलट्या दिशेने फिरू नका, थांबा आणि टॅप करा.

कान दोन्हीकडे मोडतात. तालमीतल्या पैलवानांचे कान तुम्ही पाहिलेच आहेत. कान सुजून मऊ फुगा आला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आतलं रक्त घट्ट झालं की आकार कायमचा बदलतो. नको असेल तर कानाचं संरक्षक घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

१२. नो-गीमध्ये बेल्ट मिळतो का?

मिळतो. प्रौढांचा क्रम पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा आहे. निळ्यासाठी किमान वय १६. त्याखालच्या मुलांना राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा असे पट्टे असतात. नो-गीमध्ये पट्टा कमरेला बांधत नाहीत, पण दर्जा तोच. आयबीजेजेएफच्या (ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नो-गी स्पर्धेत तो रॅशगार्डच्या रंगावरून दिसतो.

फक्त नो-गी शिकवूनही पट्टे देणाऱ्या शाळा जगात आहेत. अमेरिकेच्या एडी ब्राव्होने २००३ मध्ये एडीसीसी या नो-गी स्पर्धेत रॉयलर ग्रेसीला हरवलं आणि त्यानंतर गीशिवायची आपली शाळा उभी केली. तिथेही पट्टे आहेत. आमच्याकडे निळ्या पट्ट्यासाठी दोन्हींचा सराव पाहतो. फक्त नो-गी करणाऱ्याला कॉलरने कसं रोखतात हे कळलेलं नसतं, आणि फक्त गी करणाऱ्याला कापड काढून घेतलं की हात कुठे ठेवावे ते सुचत नाही.

१३. स्पर्धेला जायचंय. नियमांत नक्की काय फरक?

आयोजकाची नियमावली आधी वाचा, कारण इथल्या बऱ्याच स्पर्धा स्वतःचे फेरफार करतात. आयबीजेजेएफचे नियम सगळ्यात जास्त वापरले जातात, ते असे: गी पांढरी, रॉयल निळी किंवा काळी. हात समोर सरळ केल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा वर नको, पँट घोट्याच्या हाडापासून तितकीच. फाटलेली, ओली किंवा वास येणारी गी बाद. प्रौढांमध्ये पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटं, निळ्याची ६, जांभळ्याची ७, तपकिरी ८, काळा १०. गुण दोन्हीकडे सारखेच: पाडलं किंवा खालून उलटवलं तर २, गार्ड (खालच्याने पायांनी केलेला बचाव) पार केला तर ३, छातीवर बसलात किंवा पाठ घेतलीत तर ४.

फरक पायांच्या डावांत आहे. हील हूक गीमध्ये कोणत्याही पट्ट्याला बंद. नो-गीमध्ये २०२१ पासून प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना खुला. तुम्ही पांढरे किंवा निळे असाल तर तुमच्यासाठी दोन्हीकडे बंदच.

एडीसीसी ही १९९८ मध्ये अबुधाबीत सुरू झालेली नो-गी स्पर्धा. तिच्या धाटणीच्या स्पर्धांत लढतीच्या पहिल्या भागात गुण मोजत नाहीत आणि नुसतं बसून गार्ड घेतला तर नंतर दंड बसतो. तालमीतल्या मुलांना हे नियम फार मानवतात. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्येही २०१८ पासून जुजित्सू आहे, तिथे जमिनीवरच्या लढती गी घालून होतात.

१४. बाहीत बोटं घालून धरलं तर फाउल म्हणतात. पण इझिकिएल या गळ्याच्या डावात तर बाहीतच बोटं घालतात!

चांगला प्रश्न. समोरच्याच्या बाहीच्या किंवा पँटच्या तोंडात बोटं घालून धरणं बंद आहे. बाही पिळली गेली की बोटं आत अडकून मोडतात. इझिकिएलमध्ये तुम्ही स्वतःच्याच बाहीत बोटं घालता आणि दुसरा हात गळ्यासमोरून फिरवता. ते चालतं.

नो-गीमध्ये बाही नाही, तरी मूठ वळून हाच डाव होतो. अलेक्सेई ओलेयनिक या लढवय्याने २०१७ मध्ये यूएफसीत (एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत) तो लावून लढत जिंकली, आणि तीही स्वतः खाली असताना. गीमधले डाव नो-गीत निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांनी ती लढत जरूर पाहावी.

१५. मुलीला पाठवायचंय. गी बरी की नो-गी? आणि सराव कुणाबरोबर?

अनेक मुलींना आणि त्यांच्या आयांना सुरुवातीला गीच मोकळी वाटते, कारण ती सैल आणि पूर्ण अंगभर असते. आत रॅशगार्ड किंवा घट्ट टॉप घालावा; स्पर्धेत मुलींना तो बंधनकारकच आहे. नो-गीमध्ये पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि लेगिंग्जवर शॉर्ट्स घालता येतात. हिजाब किंवा डोकं झाकणारी टोपी घालून सराव करायचा असेल तर पिन नसलेली, घट्ट बसणारी चालते.

जोडीदार मुलगी स्वतः निवडते. कुणाबरोबर सराव नको असेल तर फक्त 'नको' म्हणायचं, कारण सांगावं लागत नाही. हा नियम मुलांनाही आहे. पहिल्या दिवशी तुम्ही पूर्ण वेळ बसून पाहा, आम्हाला आवडेल.

१६. रस्त्यावर प्रसंग आला तर कोणी गी घालून येत नाही. मग गीचा उपयोग काय?

रस्त्यावर कोणी रॅशगार्ड घालूनही येत नाही. डिसेंबरात कॉलेज रोडवर फिरणाऱ्या माणसाच्या अंगावर जॅकेट असतं, हुडी असते. त्याची कॉलर गीसारखीच धरता येते. मेमध्ये पातळ शर्ट असतो, तो पहिल्या ओढीत फाटेल आणि तुम्हाला मान आणि हातच धरावे लागतील. म्हणून दोन्ही.

पण संरक्षणाचा विचार असेल तर याहून मोठी गोष्ट सांगतो: खाली पडल्यावर उठून उभं राहणं आणि तिथून निघून जाणं याचा सराव जास्त करा. चाकू दिसला तर कुठलाच डाव नाही, पळायचं.

१७. आठवड्यात दोनच दिवस मिळतात. कसे वाटू?

पहिले सहा महिने दोन्ही गी (प्रश्न २). त्यानंतर एक-एक. स्पर्धा ठरली की आधीचे सहा-आठ आठवडे फक्त त्याच प्रकारचा सराव. एमएमएकडे जायचं असेल तर सहा महिन्यांनंतर नो-गी वाढवा. रॉइस ग्रेसी १९९३ मध्ये पहिल्या यूएफसीत गी घालून जिंकला खरा, पण आज तिथे गी चालत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना आम्ही उलट सांगतो: गी जास्त, नो-गी कमी. वेग कमी असतो आणि पंचविशीतल्या मुलाला कॉलर धरून सावकाश खेळायला लावता येतं.

१८. पहिल्या दिवशी येताना काय आणू?

हातापायाची नखं कापून या. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, कानातलं घरी ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर सांगा, त्या दिवशी पकडीशिवायचा सराव देऊ. गी नसेल तर क्लासची एक जुनी धुतलेली गी मिळेल, पण आदल्या दिवशी उंची कळवा. पाण्याची बाटली, टॉवेल, घरी जाताना घालायला कोरडा टी-शर्ट आणि मॅटच्या कडेपर्यंत घालायला चपला. थंडीत सकाळच्या बॅचला येत असाल तर दहा मिनिटं आधी या आणि अंग गरम करा, डिसेंबर-जानेवारीत मॅट बर्फासारखी गार असते. जेवून दोन तास तरी झालेले असू द्या.